न लागणारा गळ

“मासळीतलं म्हणाल तर आमच्या घरात फक्त गिरजेला कळतंय,” अप्पा ओसरीवर कुणाला तरी सांगत होते.

गिरजा म्हणजे मी, माजघरात वाती वळत होते. हातातली वात हातातच राहिली! आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासा शिरायचा तो फक्त पंचांगातून, मीन रास होऊन. मी स्वतः आयुष्यात एकच मासा नीट पाहिला होता, शाळेच्या पुस्तकात. त्याच्याखाली त्याचं नाव छापलेलं होतं, म्हणून ओळखला.

दाराच्या फटीतून पाहिलं, तर येलदरीचा सटवा भोई पायरीवर अंग चोरून बसला होता. पूर्णेत जाळं टाकण्यात त्याचा जन्म गेलेला. आपल्याला इथं कशाला बोलावलं हे त्याला कळेना, आणि विचारायचं ते कसं विचारावं हे अप्पांना कळेना.

झालं होतं ते असं. मी संक्रांतीच्या सुटीत शाळेतून घरी आले होते. अप्पा परभणीला तालुकदारसाहेबांच्या कचेरीत पेशकार होते. साहेब म्हणजे जिल्ह्याचे धनी. निजाम सरकारच्या खालोखाल (आमच्या गल्लीच्या मते थोडे वरच). उन्हाळ्याच्या रजेत ते काश्मीरला जाणार होते, डोंगरातल्या ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा पकडायला. त्यासाठी त्यांनी विलायती सामानाचं इंग्रजी सूचीपत्र मागवलं होतं. साहेबांना इंग्रजी उत्तम येई. पण स्वतः वाचणं हे काही साहेबाचं काम नव्हे. कचेरीत आलेला कागद आधी पेशकारानं वाचायचा, मग साहेबांनी सही ठोकायची. त्याच रिवाजानं सूचीपत्रही अप्पांच्या मेजावर आलं.

“पेशकारसाब, आपकी बेटी तो अंग्रेजी मदरसे में है ना? उससे छँटवाकर ऑर्डर भेज दीजिए.”

“जी हुजूर,” अप्पा म्हणाले. ते नेहमी आधी ‘जी हुजूर’ म्हणत आणि कागद मागाहून उघडत. हा उघडला, तर पहिल्याच पानावर मासा!

घरी येऊन अप्पांनी अवेळी अंघोळ केली आणि मला हाक मारली. “गिरजे, साहेबाचं काम तर झालंच पाहिजे. पण पाप आपल्या माथी नको. तू असं सामान निवड, की त्याला एक बी मासा लागला नाही पाहिजे.”

यावर आत्या कडाडली. (आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. पेडगावहून महिनाभर राहायला आली होती. त्या महिन्याचं चौथं वर्ष चालू होतं.) “शिवा, पोरीला सिकंदराबादला मामाकडं ठिवून शिकवायलास, अन् तिथं हे शिकवायलेत का? बास झालं! जूनमधी धाडू नको आता. स्थळं बघ.”

माझं शेवटचं एक वर्ष राहिलं होतं. ते पुरं करायचं, एवढी एकच इच्छा माझ्या मनात होती. आणि मनातच होती, कारण मी बोलून दाखवत नसे. अप्पांनी एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोड काढली. “एक बी मासा लागला नाही, तर जूनमध्ये शाळा. लागला, तर आक्का म्हणंल तसं.”

अशा रीतीनं काश्मीरचे मासे आणि मी एकाच होडीत बसलो. आणि म्हणून सटवा आमच्या पायरीवर!

“सटवा,” अप्पांनी शेवटी धीर केला, “मासा कशाला भुलत नाही?”

सटवानं मुंडासं सरकवून डोकं खाजवलं. “मालक, कशाला भुलतो ते इचारतेत लोक.”

“तू भुलत नाही ते सांग.”

“उपाशी असला की कशाला बी भुलतो बगा. माणसावानीच हाय.”

अप्पांचा चेहरा उतरला. सटवाला दया आली असावी. “पर गळ लय मोठा आसला, तर बारकं मासरू तोंडात घेत न्हाई. दोरा बारीक आसला, तर मोठं धूड तोडून जातंय. काठी लवलवती आसली, तर वढता येत न्हाई. अन् काई मळकं लावलं, तर त्याला दिसतच न्हाई. लालभडक गांडूळ पायजे त्याला, वळवळणारं!”

अप्पा इतके खूश झाले की त्यांनी त्याला ओंजळभर गूळ-शेंगा दिल्या. जाता जाता तो बिचारा कळकळीनं बजावून गेला, “मालक, मी सांगितलं तसलं काई घिऊ नका बरं. त्यानं मासा घावायचा न्हाई!”

मी दोन दुपारी सूचीपत्र वाचलं. निम्मे शब्द माझ्या शब्दकोशातही नव्हते. तेव्हाच अप्पांना सांगायला हवं होतं. पण ‘मला हे कळत नाही’ हे वाक्य मी तोवर कुठल्याच भाषेत उच्चारलेलं नव्हतं. एवढं समजलं, की ट्राउटला गांडूळ लावत नाहीत. गळाभोवती पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटा किडा करतात, आणि मासा त्याला खरा समजून फसतो. अशा किड्यांची तीन पानं रंगीत चित्रं होती. लाल, सोनेरी, मोरपंखी. सगळे करवल्यांसारखे नटलेले! ते मी ओलांडले. खाली कोपऱ्यात एक करडा, तपकिरी किडा होता. खळ्यावरच्या भुसासारखा. ज्याच्याकडे मलाच दुसऱ्यांदा बघवेना, त्याच्याकडे मासा कशाला बघेल? त्याच्यावर खूण केली. गळांचे नंबर दोनपासून सोळापर्यंत होते. मोठा हवा, म्हणून सोळा लिहिला. दोरा सगळ्यात बारीक. काठी सगळ्यात हलकी, फुंकर मारली तरी वाकावी अशी. साहेबांनी न वाचता सही केली.

संक्रांतीला मागवलेलं पार्सल चैत्रात आलं, तेव्हा मी परीक्षा देऊन घरी परतले होते. तपासायचं म्हणून अप्पा ते घरी घेऊन आले. मी डबी उघडली. आत सोळा नंबरचे गळ होते, ज्वारीच्या दाण्याएवढे! विलायतेत गळांचे नंबर उलटे चालतात. नंबर जेवढा मोठा तेवढा गळ बारका, हे ज्ञान मला त्या घटकेला झालं.

मी तोंड उघडणार (म्हणजे आठवड्याभरात कधीतरी उघडलं असतं), तेवढ्यात अप्पांनी एक गळ तळहातावर घेतला आणि ते खदाखदा हसले. “आगं, ह्याला मुंगी तरी लागंल का? लय हुशार हाय माझी लेक!”

मग कशाला बोलायचं? आत्यानं माझ्या ट्रंकेत कुरडया भरून ठेवल्या होत्या, त्या धुसफुसत बाहेर काढल्या. मी पुस्तकं भरली. साहेब काश्मीरला गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचं उर्दूत पत्र आलं. अप्पांनी ते उभ्यानं वाचायला घेतलं आणि खाली बसले.

“आठ,” ते म्हणाले.

“काय आठ?” आत्यानं विचारलं.

“लागले.”

त्या दिवशी अप्पांनी महादेवाला आठ बेलाची पानं जास्त वाहिली, माशागणिक एक. पुढच्या पत्रात एकवीस होते. त्याच्या पुढच्या पत्रात साहेबांनी लिहिलं होतं, की आता मोजायचं सोडून दिलंय! वैशाख सरता सरता आमच्या दारातला बेल बोडका झाला, आणि निजाम सरकारचे पेशकार पहाटे लोकांच्या परसांत पानं तोडताना दिसू लागले. माझी पुस्तकं फडताळात गेली. ट्रंकेत कुरडया परतल्या, आणि या खेपेला सोबत पापड घेऊन आल्या.

मृग लागला त्या आठवड्यात साहेबांची मोटार थेट आमच्या दारात उभी राहिली. गल्ली गोळा झाली. साहेबांनी अप्पांच्या हातात एक चौकट ठेवली. फोटो! मधोमध साहेब, हातात ती लवलवती काठी, आणि मागे दोरीवर ओळीनं लटकवलेले मासे, दसऱ्याचं तोरण बांधावं तसे! अप्पा चौकट छातीशी धरून, देवघरापासून सगळ्यात लांबची भिंत कोणती ते नजरेनं शोधू लागले.

साहेब मात्र फुलून आले होते. तिथलं पाणी म्हणे काचेसारखं नितळ. मासा महासंशयी. भडक पिसं दिसली की पळतो, जाड दोरा दिसला की पळतो. बाजूच्या तंबूतले गोरे साहेब झगमगीत सामान घेऊन रोज रिकाम्या हातानं परतत; आणि आमच्या साहेबांचा किडा करडा, गळ बारका, दोरा न दिसणारा, काठी हलकी! माझी एकूण एक चूक त्यांनी बोटांवर मोजून दाखवली आणि प्रत्येकीला शाबासकी दिली.

“ऐकलंस का शिवा?” दाराआडून आत्या कुजबुजली. (आत्याची कुजबुज वेशीपर्यंत जाई.) “एवढ्या शिक्षणात काश्मीर मोकळं केलं हिनं. आणखी शिकली तर पूर्णा कोरडी पाडंल!”

साहेबांना मराठी फारसं कळत नसे. ते माझ्याकडे वळले आणि, मी भिऊ नये म्हणून, सावकाश इंग्रजीत बोलू लागले. पुढच्या वर्षी त्यांचे दोन दोस्तही काश्मीरला येणार होते. तिघांचंही सामान मीच निवडायचं! “पण मुली, मला एकच सांग. हे सगळं इतकं अचूक तू निवडलंस तरी कसं?”

खरं सांगावं, तर अप्पांची नोकरी जाणार. गप्प बसावं, तर पुढच्या वर्षी तिप्पट मासे, महादेवाला तिप्पट बेल, आणि मी कुठल्यातरी सासरी कुरडया घालत बसणार. अप्पा साहेबांच्या मागे उभे राहून डोळ्यांनी मला हात जोडत होते. सोळा वर्षांच्या आयुष्यात मी परक्या माणसासमोर एक अख्खं वाक्य बोलले नव्हते. आता बोलले, आणि एका दमात, न अडखळता, स्वच्छ इंग्रजीत बोलले:

“साहेब, खरं सांगायचं तर माझं इंग्रजी फारच कच्चं आहे. अजून एक वर्ष शाळेत काढल्याशिवाय हे काम पुन्हा माझ्यावर सोपवणं धोक्याचं आहे!”