बिनसांध्याची नळी

भोरच्या एसटी स्टँडामागं अब्बांचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढं मोडके नांगर, सायकलींचे सांगाडे, आणि कोपऱ्यात कार्बाइडची टाकी. कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस तयार व्हायचा. त्याचा लसणासारखा उग्र वास अब्बांच्या सदऱ्याला, केसांना, आमच्या घरातल्या पडद्यांनाही यायचा. वेल्डिंगची बत्ती पेटवताना ते आधी नुसता गॅस सोडत. मग पिवळी, धुरकट ज्योत निघे आणि काजळीचे लांब काळे धागे हवेत तरंगू लागत. वारा असला की ते थेट आमच्या परसात, अम्मीनं वाळत घातलेल्या कपड्यांवर. "माझ्या नशिबी काजळीच लिवलीय," अम्मी ओरडायची. अब्बा ऑक्सिजनची चावी फिरवून ज्योत निळी करत आणि म्हणत, "झालं, झालं. गेली बघ."

काजळी हाच पुढं माझ्या शिक्षणाचा विषय होईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर अम्मीनं मला शाळेतून काढलं असतं.

दोन हजार सालाच्या पुढंमागं मी पुण्यात एम.एस्सी.ला होते. विषय भौतिकशास्त्र. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. आमच्या सरांनी मला कार्बन नॅनोट्यूब करायला सांगितल्या. त्या दिवसांत या शब्दानं सगळे भारलेले होते. कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी, एका अणूइतकीच जाड. ती गुंडाळून कडेला कड जुळवल्यासारखी नळी म्हणजे नॅनोट्यूब. केसापेक्षा हजारो पट बारीक, पोलादापेक्षा हलकी आणि त्याच्यापेक्षा कितीतरी चिवट. सर म्हणत, उद्याची विमानं याची होतील, पूल याचे होतील, कॉम्प्युटर याचे होतील. आणि ती करायची कशी, तर काचेच्या नळीत लोखंडाचे बारीक कण ठेवायचे, भट्टी चांगली तापवायची आणि आत ॲसिटिलीन सोडायचा.

ॲसिटिलीन म्हटल्यावर मला भर वर्गात हसू आलं. तो आमच्या दुकानातलाच गॅस.

सुरुवातीला आमच्या भट्टीतून काजळीखेरीज काही निघेना. मी रोज काळे हात धुऊन वसतिगृहावर जायची आणि मैत्रिणी विचारायच्या, "आज काय, कोळशाच्या वखारीत होतीस का?" मग सरांनी गॅसचा ओघ कमी करायला सांगितला. पुढच्या खेपेला जे काळं निघालं ते आम्ही मोठ्या मायक्रोस्कोपखाली नेलं. पडद्यावर चित्र स्थिर झालं आणि मी जागेवरून उठलेच. शेवया! ताटात पसरलेल्या शेवयांसारख्या नळ्याच नळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. सर पाठमोरे होऊन चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "जा, सगळ्यांसाठी जिलबी आण."

त्या चित्राची एक छापील प्रत घेऊन मी शनिवारी भोरला आले. अब्बा दुपारच्या जेवणाला घरी आले होते. हात धुतलेले, पण नखं काळीच. मी चित्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. आपलाच गॅस, आपलंच लोखंड, आणि त्यातून निघालेली ही नळी.

"लोखंड लागतंच म्हन की," ते खूश होऊन म्हणाले. मग चित्र उजेडाकडं धरून बराच वेळ न्याहाळत राहिले. "सांधा कुठाय?"

"सांधा नसतो, अब्बा."

"असं कसं? जाळी गुंडाळली म्हनतीस. गुंडाळली की कडंला कड येनार. तिथं जोड द्यायला नको?"

"गुंडाळतात असं आपण समजायला म्हणतो. खरं तर ती पहिल्यापासून नळी म्हणूनच वाढते. लोखंडाच्या कणातून उगवल्यासारखी. आत गॅस मोडतो, कार्बन लोखंडात शिरतो आणि नळी होऊन बाहेर येतो. सांधा देणारं कुणी नसतं तिथं."

अब्बांचा घास हातातच राहिला. वय गेलं होतं त्यांचं सांधे देण्यात. पाण्याचे पाइप, ट्रॅक्टरची नळकांडी, देवळाची कमान, मशिदीचं गेट, सगळ्यांत कुठंतरी त्यांचा सांधा होता, आणि प्रत्येक वस्तू आधी सांध्यातच तुटते हे त्यांना ठाऊक होतं.

"बिनसांध्याची नळी," ते हळूच म्हणाले. "म्हंजे तुटायची कुठं?"

"म्हणून तर ती एवढी मजबूत. लोक म्हणतात, हिचा दोर वळता आला तर जमिनीपासून आभाळापर्यंत बांधता येईल. त्याच्यावरून लिफ्ट वर जाईल."

अम्मी भाकरी वाढत होती. "आन् वर कुनाकडं जायाचंय?" तिनं विचारलं.

अब्बा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

त्यानंतर ते दुकानात येईल त्याला नळीची गोष्ट सांगू लागले. सारोळ्याचा एक शेतकरी ट्रॉलीचा हुक जोडायला आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "चाचा, आशा नळ्या निघाल्या तर तुमचा धंदा बसंल की."

"बसू दे की," अब्बा म्हणाले. "मी बी बसंन. खुर्ची टाकून, च्या पीत. लई वर्सं उभा ऱ्हायलोय."

त्याच सुमारास मला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा निरोप आला. त्या आता विंझरच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. तू जे करतेस ते आमच्या मुलांना येऊन सांग, असं त्यांचं म्हणणं होतं. मी लगेच हो म्हटलं. अब्बांनी ऐकलं आणि जाहीर केलं, "नुसतं बोलून पोरांना काय कळनार? नळी म्या करतो."

त्यांनी सळईचे तुकडे कापले, षटकोन जोडत जोडत मोठी सपाट जाळी केली आणि एका जुन्या पिंपावर ती वाकवायला घेतली. कडा जुळवताना मात्र अडलं. जाळी जराशी तिरकी फिरली की षटकोन एकमेकांसमोर येईनात, आणि आलेच तर नळीभोवती जिन्यासारखे चढत जात. मी पुस्तक उघडून दाखवलं. खऱ्या नळ्यांचंही असंच असतं. सरळ गुंडाळली तर एक गुण, तिरकी गुंडाळली तर दुसरा. एकीतून वीज तारेसारखी धावते, दुसरी तिला अडवून धरते.

"जाळी तीच?"

"जाळी तीच."

"आन् नुसत्या गुंडाळन्यावर येवढा फरक?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू ही करामत मीच केली होती. मग तिरकीच ठेवायची ठरली, कारण तीच जास्त देखणी दिसत होती. अम्मी येऊन तिला चांदीचा रंग लावून गेली. पुरी झाली तेव्हा नळी अब्बांपेक्षा उंच होती आणि तिच्यात माणूस सहज उभं राहू शकत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या टेम्पोत नळी आडवी टाकून आम्ही निघालो. मी आणि अब्बा मागं, नळीला धरून. नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात शेळ्यामेंढ्यांचा कळप आडवा आला. टेम्पो थांबला. कळपामागं एक म्हातारं जोडपं होतं. दोघंही जवळ येऊन वाकून बघू लागले.

"कोंबड्यांचं खुराडं का हो?" आजोबांनी विचारलं.

"न्हाई, नळी हाय," अब्बा म्हणाले.

"हितनं तर पानी गळंल."

"खरी नळी लई बारीक असती. डोळ्यानं दिसत न्हाई. ही दाखवन्यापुरती मोठी केलीया."

आजीनं जाळीतून बोट आरपार घालून पाहिलं. ती म्हणाली, "जी दिसत न्हाई ती कशापायी केली म्हनायची?"

मी खाली उतरले आणि तिला दोराचं सांगितलं, हलका पण न तुटणारा. तिला ते लगेच पटलं. "आसा दोर निघाला तर आमाला धाड," ती म्हणाली. "आमचा बोकड रोज दावं तोडतोय." तेवढ्यात एका करडानं टेम्पोत उडी मारली आणि ते सरळ नळीत जाऊन बसलं. त्याला बाहेर काढायला आम्हा चौघांना दोन्ही बाजूंनी वाकावं लागलं. अब्बा एका टोकाला हाकलत, करडू दुसऱ्या टोकाला जाई, आणि तिथं आजी उभी दिसली की परत अब्बांकडं येई. शेवटी आजीनं पदरातली शेंग दाखवली तेव्हा ते बाहेर आलं.

शाळेत मुलं मैदानावर बसली होती. समोर राजगड स्वच्छ दिसत होता. मी भाषण लिहून, पाठ करून आणलं होतं. 'मानवजातीच्या प्रगतीच्या वाटचालीत' अशी सुरुवात होती. पहिल्या परिच्छेदातच मागच्या रांगेतली मुलं एकमेकांच्या चपला पळवू लागली. बाईंनी डोळे वटारले. मी थांबले, आणि पाठ केलेलं सगळं सोडून म्हणाले, "उठा सगळे. आज तुम्हीच कार्बन व्हायचं."

मुलं ताडकन उठली. मी सांगितलं की जाळीत प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना धरून असतो. तर धरा तीन जणांना.

मुलं एकमेकांकडं सरकली. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हात दोनच हायेत."

याचा मी विचारच केला नव्हता. मुलं स्वतःच्या हातांकडं बघत उभी. तेवढ्यात पाचवीतली एक ठेंगणी मुलगी पुढं आली, शेजारणीची वेणी तिनं मुठीत धरली आणि म्हणाली, "ही धरली तर चालंल का?"

"चालेल! पळेल!" मी ओरडले.

मग काय विचारता. वेण्या धरल्या गेल्या, ज्यांना वेण्या नव्हत्या त्यांच्या कॉलरी धरल्या गेल्या. कुणी चौघांना धरलं की बाकीचे ओरडत, "ए, सोड, तू कार्बन न्हाईस!" हळूहळू मैदानभर एक वेडीवाकडी जाळी उभी राहिली. ती मी वळवत वळवत आणली, दोन टोकं एकमेकांना भिडली आणि मधोमध बाई अडकल्या. त्यांनी आधी रागवायचा प्रयत्न केला, मग त्याही हसत सुटल्या.

"आता ओढा!" मी म्हटलं. "पण सोडायचं नाही!"

सगळी नळी एकदा नसरापूरकडं झुकली, एकदा वेल्ह्याकडं. किंचाळ्या, हसणं, धूळ. पण तुटली नाही. एकानं सोडलं तरी दोघांनी धरलेलं असायचं. मजबुती कशात आहे हे मला पुढं सांगावंच लागलं नाही. अब्बा कुंपणाच्या भिंतीवर बसून टाळ्या वाजवत होते.

नंतर मुलांना खाली बसवून मी आभाळापर्यंतच्या दोराचं सांगितलं, तेव्हा चपला जागच्या जागी होत्या. प्रश्न मात्र आवरेनात. पाऊस लागला तर दोर गंजेल का? विमान आपटलं तर? वेणी धरणाऱ्या त्या मुलीनं विचारलं, "तो हुईल कधी?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "कदाचित तुम्हीच कराल."

"मग आमाला आत्ता सांगून ठिवलं ते बरं झालं," ती म्हणाली.

नळी परत न्यायची गोष्ट निघाली तर मुलांनी ती सोडली नाही. मधल्या सुट्टीत तिच्यातून आरपार जायला रांग लागली होती. ती शाळेलाच राहिली. परतताना बाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि पिठलं आम्ही टेम्पोत बसूनच खाल्लं. अब्बा सारखे वेण्या धरल्याचाच प्रसंग सांगून हसत होते, जणू मी तिथं नव्हतेच.

आभाळाचा दोर अजून झालेला नाही. वीतभर धागे झाले, त्यांची फार मोठी बातमी झाली, आणि आम्ही संशोधक लोक कमी उतावीळ झालो. मी पुढं याच नळ्यांवर पीएच.डी. केली, पाणी गाळण्याच्या जाळ्यांत त्या वापरता येतात का ते पाहत. काही ठिकाणी जमलं, बऱ्याच ठिकाणी नाही. पण सकाळी भट्टी उघडताना आज काय निघालं असेल, ही उत्सुकता एकदाही कमी झाली नाही.

त्याच काळात एकदा अब्बांना प्रयोगशाळेत आणलं. नवा पांढरा सदरा, नखं घासून लाल केलेली. खोलीत पाऊल टाकताना त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि कुणी सांगूनही परत घातली नाही. मी पडद्यावर एक नळी जवळ आणली, आणखी जवळ, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरकवत नेली. ते खुर्ची पुढं ओढून बसले. बाहेर दोन विद्यार्थी आपल्या पाळीसाठी थांबले होते, म्हणून थोड्या वेळानं मी म्हटलं, "अब्बा, निघू या का?"

त्यांनी मान वळवली नाही. "थांब जरा," ते म्हणाले, "आत्ता कुठं दिसाया लागलंय."

विद्यार्थ्यांनी मला खुणेनंच सांगितलं, बसू द्या. मीही एक खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसले.