दोन पायऱ्यांचा संडास

"बाई, कसं सरकता ते दाखवा जरा. माप घ्यायचंय."

साहेब हे भर हापिसात बोलले. पोलिओनं माझे दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. मी खुर्चीवरून उतरले. हाताच्या जोरावर फरशीवरून सरकत दारापर्यंत गेले, माघारी आले. कुणीतरी फिसकन हसलं. आन् संडासाचं माप घ्यायला आलेल्या इंजिनेराच्या हातात टेपच नव्हता. मेल्यानं नुसतं बघितलं.

लातूर नवा जिल्हा झाला तवा मी कारकून म्हणून लागले. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली पगारदार पोरगी. पण हापिसातला संडास दोन पायऱ्या चढून, ओट्यावर. मला चढता येईना. म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायचंच सोडलं. दुष्काळात गाव टँकरची वाट बघायचं, आन् मी घरात भरलेला हंडा असून कोरडी. लघवीला आग व्हायची. रडू यायचं, लाज वाटायची.

संडास जमिनीलगत करा, असा अर्ज दिला. साहेब म्हणले, लोकायला प्यायला पाणी न्हाई आन् तुम्हाला संडास पायजे. तुमच्या लोकायला नोकरी दिली, आता हेबी द्या.

तीन वरसं अर्ज करत राहिले. मग ते माप झालं, बांधकाम झालं. बाहेर उतार, दार रुंद, फरशी नवी. आत बघते तर तोच ओटा, त्याच दोन पायऱ्या. आधाराला धरायची लोखंडी नळी माझ्या डोक्याच्या वर.

म्हातारा गवंडी म्हणला, "ओट्याबिगर संडास असतो व्हय, माय? पाणी उलटं येतंय. जलमभर असेच बांधले."

त्याचा राग आला न्हाई. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी नारळ फोडला. 'अपंग कर्मचाऱ्याची सोय झाली' असा कागद माझ्यापुढं सरकवला. सही करा म्हणले.

मी म्हणले, "हातावर चढून दाखवा, साहेब. माप घ्यायचंय."

कुणी हसलं न्हाई. साहेबांनी कागद उचलला, दुसऱ्याची सही घेतली, काम पुरं झालं. ओटा तसाच हाय. तो फुटायचा न्हाई, मला ठाव हाय.

दुसऱ्या दिवशी घरून तांब्या भरून नेला. साहेबासमोर घटाघटा प्याले. आता रोज पिणार. जे व्हायचं ते हापिसातल्या त्याच फरशीवर हुईल, जिच्यावर मला सरकायला लावलं.