रेषापंच ठाकूर बाई

ठाकूर बाई व्हॉलीबॉलचा सामना बघायला बसल्या की चेंडूकडे बघत नसत. सगळं मैदान चेंडूमागे माना फिरवत असे आणि बाईंची नजर जमिनीवरच्या फक्कीच्या रेघेवर खिळलेली असे. मी सातवीत होते तेव्हा त्यांना विचारलं होतं, बाई, तुम्हाला खेळ दिसतो तरी का? त्या म्हणाल्या, "बॉल येतो नि जातो गो. रेघ कुठं जात न्हाय. तिच्यावर कोणीतरी ध्यान ठेवायला पायजे."

अलिबागजवळच्या थळच्या पुढे आमचं गाव. खताच्या कारखान्याच्या चिमण्या आमच्या शाळेच्या मैदानातून दिसतात. बाई त्या शाळेत पीटी शिकवायच्या. बापाचं मिठागर होतं, लहानपण उन्हात मीठ ओढण्यात गेलं. त्यामुळे की काय, अंगाने काटक आणि बोलायला खारट. मेल्यावर माणसाला सगळे मनमिळाऊ म्हणतात, म्हणून मी आधीच सांगते, बाई मनमिळाऊ नव्हत्या. त्या रागीट होत्या. मुलींच्या मैदानावर कोणी हात टाकला की त्यांचा राग बघण्यासारखा असे.

एकदा पुरुषांच्या क्रिकेट स्पर्धेसाठी आमचं मैदान चार दिवस द्यायचं ठरलं. बाईंना कोणी विचारलंच नाही. मांडवाचे बांबू घेऊन टेम्पो थेट मैदानात आला, तेव्हा आमचा सराव चालू होता. आम्ही बाजूला व्हायला लागलो तशा बाई ओरडल्या, की सेट संपल्याशिवाय कोणी हलायचं नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला, आम्ही खेळत राहिलो. तो सेट बाईंनी मुद्दाम लांबवला असं मला अजून वाटतं. शेवटी मांडव पडला तो मैदानाच्या पलीकडच्या शेतात.

उंची कमी म्हणून बाईंना स्वतःला मोठ्या संघात कधी घेतलं नाही. त्यांनी पंचांच्या परीक्षा दिल्या. कोपऱ्यात झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या रेषापंचाचं काम त्यांना मनापासून आवडे. चेंडू आत पडला की झेंडा खाली, बाहेर गेला की वर, आणि खेळाडूच्या हाताला लागून बाहेर गेला की झेंडा उभा धरून दुसरा तळवा त्याच्या टोकावर. या तीन खुणांवर त्यांनी राज्यभर नाव मिळवलं. आणि माझी उंची त्यांनीच हेरली होती. आईच्या मागे मासळीची टोपली धरून उभी होते, तिथून ओढून त्यांनी मला व्हॉलीबॉलच्या जाळीसमोर उभं केलं. पुढे मी देशाच्या संघात गेले ती त्यांच्यामुळे. हे सांगताना मला बरं वाटत नाही, कारण पुढचं मला सांगायचं आहे.

आशियातल्या देशांची बायकांची अजिंक्यपद स्पर्धा आपल्याकडे भरली, तेव्हा मी संघात होते आणि बाई रेषापंचांच्या यादीत. उपांत्य फेरीत जायचं तर एक सामना जिंकायला हवा होता. तो पाचव्या, पंधरा गुणांच्या सेटपर्यंत गेला. पाहुण्या संघाचे चौदा गुण, आमचे तेरा. त्यांच्या मुलीने उडी मारून चेंडू हाणला, मी अडवायला उडी मारली. चेंडू माझ्या उजव्या करंगळीला चाटून गेला आणि आमच्या मागच्या रेघेबाहेर पडला. लोकांना वाटलं, बाहेर! चौदा-चौदा झाले. छप्पर उडेल असा आवाज झाला.

आमच्या मागच्या कोपऱ्यात ठाकूर बाई होत्या. झेंडा उभा होता आणि त्याच्या टोकावर त्यांचा तळवा. म्हणजे गुण पाहुण्यांचा, आणि सामनाही.

शिडीवरच्या मुख्य पंचाला स्पर्श दिसला नसावा. तो माझ्याकडे बघायला लागला. मी दोन्ही हात हलवून नाही म्हटलं. आमची कप्तान भांडायला लागली. त्या स्पर्धेत कॅमेऱ्यावर पुन्हा बघायची सोय नव्हती. पंचाने बाईंना जवळ बोलावलं. हजारो माणसं ओरडत असताना ती ठेंगणी बाई झेंडा छातीशी धरून चालत गेली, दोन शब्द बोलली आणि परत आपल्या कोपऱ्यात आली. शिट्टी वाजली. आम्ही हरलो. जागेवर येताना बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. मी खरं सांगेन म्हणून त्या वाट बघत होत्या. मी तोंड फिरवलं.

सामन्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक फोनवर होता. बाई सोमवारी शाळेत गेल्या तर पीटीच्या खोलीच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'गद्दार'. मुली फडकं घेऊन पुसायला धावल्या. बाईंनी अडवलं. म्हणाल्या, "राहू दे. शुद्धलेखन तरी बरोबर हाय."

आठवड्याने गावात माझा सत्कार झाला. शाळेच्या समितीचे अध्यक्ष नाना. त्यांचा ट्रेलरचा धंदा, गावात त्यांचा शब्द चालतो. ते माइकवर म्हणाले, परक्याने हरवलं असतं तर दुःख नव्हतं, घरच्याच बाईने पोरीच्या पाठीत सुरी मारली. टाळ्या पडल्या. मी शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन स्टेजवर बसले होते. खुर्च्यांच्या मागे शाळेच्या मुलींची रांग होती आणि रांगेच्या टोकाला बाई उभ्या होत्या. मी नारळाची शेंडी बघत राहिले.

त्यानंतर बाईंना पंच म्हणून बोलावणं आलं नाही. फोन केला तर सांगण्यात आलं, सध्या विश्रांती घ्या. मुलींचं मैदान शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्यांना आणि इतर दिवशी नानांच्या ट्रेलरना दिलं गेलं. मोठ्या मुलींचा पीटीचा तास गणिताकडे गेला. हे सगळं इतक्या नम्रपणे झालं, की भांडायला समोर कोणी उभंच राहिलं नाही.

महिन्याने मी बाईंच्या घरी गेले. त्या पडवीत बसून बोंबील साफ करत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच माफी मागितली. त्यांनी कोयतीवर आणखी एका बोंबलाचं डोकं उडवलं. मग म्हणाल्या, "मॅचमध्ये खोटं बोललीस ते मी समजते. चौदा पॉइंटला डोकं जाग्यावर नसतं. पण स्टेजवर तू खुर्चीत होतीस. वर पंखा होता. तवा तुला काय झालं?"

मी पडवीतून उतरले.

तिथून मी सरळ समितीच्या ऑफिसात गेले. नाना आणि आणखी तिघे-चौघे बसले होते. मी सांगून टाकलं, की चेंडू माझ्या बोटाला लागला होता, मी खोटं बोलले, बाईंचा निर्णय बरोबर होता. मला वाटलं होतं, सगळे गप्प होतील. नानांनी माझ्यासाठी चहा सांगितला. "अगो, आम्हाला काय डोळं न्हाईत? लागलाच होता. व्हिडिओत दिसतंय. पण आपल्या माणसानं सांगायचं कशाला?" बाकीचे हसले.

त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही. महिनाभर मी समजत होते की माझ्याकडे एक गुपित आहे. गुपित काहीच नव्हतं. माझ्या खोट्यावर गावात कोणाचाच विश्वास बसला नव्हता, ते फक्त सगळ्यांच्या सोयीचं होतं. बाई चुकल्या म्हणून त्यांना शिक्षा झाली नव्हती. त्या बरोबर होत्या, आणि सगळ्यांदेखत बरोबर होत्या, म्हणून झाली होती.

मी फोनवर सगळं लिहून जाहीर केलं, व्हॉलीबॉल संघटनेलाही पत्र पाठवलं. आणि मग जे झालं ते तर मला सहनच होत नाही. माझं कौतुक झालं. काय मोठं मन, काय खिलाडूवृत्ती! पेपरात फोटो आला. संघटनेच्या एका कार्यक्रमात मला हार आणि पुष्पगुच्छ मिळाला. बाईंचं नाव मात्र यादीत परत आलं नाही. मी तो पेपर घेऊन बाईंकडे गेले, कशासाठी गेले कोण जाणे. त्यांनी फोटो बघितला आणि पेपर घडी करून मला परत दिला. "पयला खरं बोलला त्याला दगड, मागून बोलला त्याला हार. हे असंच असतं. हार घातलास का?"

घातला होता. मी तसं सांगितलं. त्या पहिल्यांदा किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "रविवारी ओहोटी दहाला हाय. येताना शिट्टी आण."

मैदान गेल्यापासून बाई मुलींना किनाऱ्यावर घेऊन जात होत्या. पाणी ओसरलं की घट्ट वाळूवर टाचेने रेघा ओढायच्या, होडीवाल्यांकडून मागून आणलेल्या दोन वाशांना जाळं बांधायचं. भरती आली की सगळं आवरायचं. शाळेचं वेळापत्रक भिंतीवर असतं, बाईंचं भरती-ओहोटीवर होतं. मी कामावरून सुट्टी मिळेल तेव्हा तिथे जायला लागले. बाईंनी मला कधी माफ केलं का, मला माहीत नाही. त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. त्या मला कोपऱ्यात उभं करायच्या आणि माझा निर्णय चुकला की चौदा मुलींसमोर झापायच्या.

दोन वर्षं हे चाललं. मग त्यांना पोटाचं दुखणं लागलं आणि तीन महिन्यांत त्या खाटेला खिळल्या. अलिबागच्या दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा आवाज खोल गेला होता. घरच्यांची चौकशी नाही, दुखण्याची तक्रार नाही. त्यांनी विचारलं, "सायली सर्व्हिस करताना अजून रेघेवर पाय देते का?"

मी म्हटलं, नाही बाई, आता सुधारली.

"खोटं बोलू नको."

"देते."

"मग तिला सांगत का न्हाईस?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्या माझ्यावर चिडल्या होत्या. मला ते बरं वाटलं.

चार दिवसांनी बाई गेल्या. दुसऱ्याच दिवशी नाक्यावर फलक लागला. त्यावर बाईंचा झेंडा घेतलेला फोटो, खाली 'गावाची शान' आणि त्याखाली नानांचं नाव. नानांचा मला फोन आला. शाळेत शोकसभा ठेवली आहे, पाच वाजता, ट्रेलर हलवून मैदान मोकळं केलं आहे, तू दोन शब्द बोलायला हवीस. मी म्हटलं, पाचला ओहोटी आहे. ते म्हणाले, ओहोटीचं काय घेऊन बसलीस, आजच्या दिवशी तरी? मी फोन ठेवून दिला.

पाच वाजता आम्ही वाळूवर होतो. बारा मुली आल्या होत्या, दोघींना घरच्यांनी सभेला नेलं होतं. शाळेच्या भोंग्यातून नानांचा आवाज किनाऱ्यापर्यंत येत होता. बाई किती शिस्तीच्या, किती सत्यवचनी, गाव त्यांचं ऋण कसं विसरणार नाही. मग भोंगा थांबला. तिकडे लोक उभे राहिले असणार. एका मुलीने चेंडू पोटाशी धरला आणि मला विचारलं, "ताई, आपण पण दोन मिनिटं उभं राहायचं का?"

मी म्हटलं, नाही, सर्व्हिस तुझी आहे, कर.