दुकानाबाहेर बसलेला शांताराम

शांतारामच्या बायकोचा, पार्वतीवहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर एका मास्तरांचा बूट होता. बुटाला आणि नव्या सोलला, दोन्हीकडं चिकटवायचं सोल्युशन लावून वाळत ठेवलं होतं. ते थोडा वेळ वाळू द्यायचं आणि मग दाबायचं, फार वाळलं तर धरत नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ह्ये गेलं... पहाटं. तुमी या." मी "येतो" म्हणालो आणि तसाच बसून राहिलो. भानावर आलो तेव्हा सोल्युशन पार कोरडं झालं होतं. ते खरवडून काढलं, बूट फळीवर ठेवला आणि शटर ओढलं. भोरहून नसरापूर, तिथं गाडी बदलून वेल्हे, तिथून जीपनं पासली. पोहोचेस्तोवर दुपार झाली. माझ्यासाठी सगळे थांबले होते.

शांताराम आणि मी भोरच्या बाजारपेठेतल्या एका गाळ्यात वीस-बावीस वर्षं समोरासमोर बसलो. मी भोंगवलीचा, तो पासलीचा. दोघंही अर्धवट शिकलेले, पण हात चांगले. त्याची शिलाई माझ्यापेक्षा सरस होती, हे मी तो असताना कधी कबूल केलं नाही. गाळा दहा बाय दहाचा, पुढं शटर, मागं सपाट भिंत. खिडकी नाही. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आत उडायचं, म्हणून शटर अर्ध्यावर ओढून घ्यायचो. आत सोल्युशनचा डबा उघडा, घासायच्या मशीनची रबराची धूळ, आणि हाताला चिकटलेलं काढायला पेट्रोलचं फडकं. संध्याकाळी डोकं जड व्हायचं. चहा घेतला की बरं वाटायचं, म्हणून ते चहाचंच दुखणं आहे असं आम्ही समजायचो...

मग शांतारामच्या पायातनं चप्पल सुटायला लागली. चालता चालता एक चप्पल मागं राहायची आणि हा पुढं निघून जायचा. त्याला कळायचंच नाही. लोक हाका मारायचे, "ओ शांतारामशेठ, चप्पल राहिली!" तो हसत मागं यायचा. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची, दुसऱ्यांचे अंगठे शिवतो आणि स्वतःची चप्पल सांभाळता येत नाही. मीही हसलोय त्यात. एक दिवस तो माझ्यासमोर बसला आणि तळपायाला आरी टोचून दाखवली. रक्ताचा थेंब आला, तरी त्याचा चेहरा हलला नाही. "बबन, पाय माझं न्हाईत रं," म्हणाला.

साखर तपासली, ती नव्हती. ताकदीची इंजेक्शनं झाली, तेलमालीश झालं, देवाला नारळ झाला. पायऱ्या चढता येईनात तेव्हा त्याला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, काम काय करता? बसता कुठं? चिकटवता कशानं?" त्या सोल्युशनच्या वाफेनं नसा मरतात, असं बाईंनी त्याला समजावून सांगितलं. परत आल्यावर तो मला म्हणाला, "चार डागदरांनी रगात तपासलं. हिनं काम इचारलं." त्यात राग नव्हता, दमल्यासारखा बोलला.

सहा-सात महिने तो घरी होता. पायात थोडी ताकद आली, सगळी नाही. परत आला तो काठी टेकत, आणि आल्या आल्या त्यानं आपलं बस्तान बाहेर वट्यावर हलवलं. वर ताडपत्री बांधली. डब्याला झाकण, लागेल तेवढंच वाटीत काढायचं, हात साबणानंच धुवायचे, मशीनवर बसताना तोंडाला रुमाल... रोज एक नवा नियम. मला वैताग यायचा. त्यात एके दिवशी म्हणाला, "चिकटवायचं सगळं काम माझ्याकडं दे. तू नुसती शिलाई कर."

मी भडकलो. "शिलाईची मेहनत मला, अन चिकटवायचं तू घेणार? तुला बाहेर बसून गिऱ्हाईक स्वतःकडं वळवायचंय व्हय?"

"तसं न्हाई रं."

"मग कसं? मी बी ह्याच गाळ्यात बसलोय एवढी वर्षं. मला कुठं काय झालंय?"

तो काठी टेकत उठला. मग म्हणाला, "बरं, तुझं खरं. पण डबा हिकडं दे." त्यानं डबा उचलला आणि बाहेर नेला. आठवडाभर आम्ही बोललो नाही.

खरं होतं ते हे, की त्या भांडणाच्या आधीपासून माझ्या बोटांना मुंग्या यायच्या. सुई हातात आहे की पडली, हे बघितल्याशिवाय समजायचं नाही. मी कुणाला बोललो नाही, घरीही नाही. डॉक्टर म्हणतील काम सोडा... आणि मला दुसरं काही येत नाही. म्हणून मी शांतारामचं दुखणं मोठं म्हणायचं आणि माझं नाहीच म्हणायचं, असं चालवलं. हे लिहितानाही पेन दोनदा हातातनं सुटलंय.

चार वर्षं असं चाललं. मग भोर-पासली येणं-जाणं त्याला झेपेना, तो गावीच राहिला. वटा रिकामा झाला आणि डबा पुन्हा माझ्याकडं आत आला. गेल्या पावसाळ्यात गोठ्याकडं जाताना त्याचं पाऊल उचललं नाही, घसरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर तो खाटेवरनं उठलाच नाही, छाती भरत गेली. मी भेटायला गेलो तेव्हा भाताच्या पेंढ्यांचा वास येत होता, त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोललो. निघताना तो म्हणाला, "बोटं कशी हायत?"

"कुणाची?"

"तुझी."

मी हात मागं घेतले. "पुण्याच्या बाईला दाखव," तो म्हणाला. "माझ्यावानी उशीर करू नगं." मी "बघू" म्हणालो. तेच माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

दहाव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, बाईंनी त्यास्नी डब्याला हातच लावायचा न्हाई म्हणून बजावलं हुतं. म्या लई भांडले. तर म्हणायचं, बबन आत कोंडून बसतो, मी वाऱ्यावर तरी बसतोय." त्या रडल्या नाहीत. त्यांच्याकडं आता तेवढंही उरलं नसावं.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला गेलो. बाईंनी विचारलं, "कधीपासून?" मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. आता चिकटवायचं काम घेत नाही, नुसती शिलाई करतो, तीही सावकाश. गिऱ्हाईक कमी झालंय. बोटं सुधारतील, पण किती ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या.

आणि मी बाहेर बसतो. वट्यावरच्या अडगळीखाली शांतारामचं पोतं तसंच अंथरलेलं होतं, दुकानाकडं तोंड आणि रस्त्याकडं पाठ. त्यावरून मी त्याला पूर्वी बोललोही होतो, गिऱ्हाईक रस्त्यावरनं येतं आणि तू असा काय बसतोस म्हणून. तो म्हणायचा, उन्हाची तिरीप येते. पहिल्या दिवशी मी पोतं न हलवता त्यावर बसलो. ऊन पाठीवर आलं, ते खरंच होतं. मग मान वर केली... समोर, बल्बच्या बरोबर खाली, माझी आतली जागा. माझे हात जिथं असायचे, तिथवर सगळं स्वच्छ दिसत होतं.