पुष्करच्या होस्टेलात आत्याची राखण

आमच्या आत्याने पुष्करच्या होस्टेलात एका खोलीतल्या अकरा प्रवाशांना लुटलं, तेव्हा मी खाली चहा पीत होतो.

'लुटलं' हा शब्द माझा नाही, तिथल्या मॅनेजरचा. पण सहलीची सगळी आखणी माझी, त्यामुळे शब्दही माझ्याच पदरात पडला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुरबाडच्या पुढे डोंगराला टेकलेल्या गावात तिची भातशेती. कॉलेजची तीन वर्षं मी तिच्या घरी राहून तिच्या हातचं जेवलो, आणि तिने बदल्यात कधी साध्या पानसुपारीचंही नाव काढलं नाही. त्याच आत्याने गेल्या वर्षी दिवाळीआधी फोन केला. "दिन्या, यंदा भाताची झोडणी लवकर आटपंल. मला कार्तिकी पुनवेला पुष्करला ने. एकदा बुडी मारायची हाय."

आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं होतं.

आता शहापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे जगातलं सगळं काही मोबाइलवर स्वस्तात सापडतं यावर माझी अपार श्रद्धा. पुनवेच्या जत्रेत लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगत होते. मी ऐटीत होस्टेल शोधलं! एका खोलीत चौदा बिछाने, त्यातले तीन आपले. बायको वैशालीने विचारलं की बाकीच्या अकरांवर कोण झोपणार. मी म्हटलं, आपल्यासारखीच माणसं. (बायका आणि पुरुष एकाच खोलीत, ही ओळ बारीक अक्षरात होती आणि माझा चष्मा घरी होता.)

पुनवेच्या आदल्या दुपारी आम्ही पोचलो. खोलीत दुमजली लोखंडी खाटा. एका दांडीवर कुण्या परदेशी माणसाची चड्डी वाळत होती, शेजारी कुण्या मुलीचा टॉवेल. वैशालीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहिता येणार नाही. आत्याकडे पाहायची तर माझी हिंमतच नव्हती. पण आत्या निवांत! चारी बाजूंनी खोली बघितली आणि बोलली, "बरी हाय की. आपला जानोसाच हाय."

इथे जानोसा सांगायला हवा. आमच्याकडे लग्नाला वऱ्हाड गेलं की मुलीकडचे त्यांना उतरायला जागा देतात, बहुधा शाळेचा वर्ग. त्यात पन्नास माणसं, ओळखीची-बिनओळखीची, मिळेल तिथे अंग टाकतात. सगळ्यांच्या पिशव्या एका कोपऱ्यात रचायच्या, वर चादर टाकायची आणि एक जाणती बाई राखणीला बसवायची. ती जागची हलत नाही. हलायचंच झालं तर घरचं माणूस जागेवर बसवून हलते. पिशवी मागायला कुणी आलं तर आत काय आहे ते त्याने सांगायचं, मगच पिशवी मिळते. आमच्या भावकीत हे खातं तीस वर्षं आत्याकडे आहे. इतक्या वर्षांत तिच्या हातून रुमालसुद्धा हरवलेला नाही.

तर वैशाली आणि मी आधार कार्डं दाखवायला खाली गेलो, आणि मी तिथेच चहाला टेकलो. वर आत्या एकटी. समोर अकरा बिछान्यांवर कॅमेरा, पाकिटं, चार्जिंगला लावलेले मोबाइल, एकाचा तर पासपोर्ट उशीवर! दार सताड उघडं आणि मालक मंडळी उंट बघायला गेलेली. आमच्याकडच्या म्हसा गावच्या जत्रेत पदराची पैशांची गाठ सोडताना चारदा मागे वळून बघणारी ही बाई. तिच्या जिवाला ते सोसेना. तिने ओचा खोचला, प्रत्येकाचं सामान त्याच्याच चादरीत बांधलं, अकरा गाठोडी कोपऱ्यात रचली, वर रजई टाकली आणि स्वतः वर चढून बसली.

मंडळी परतली तर बिछाने उघडेबोडके. बोंबाबोंब ऐकून मॅनेजर धावला, मागोमाग कप हातात घेऊन मी, माझ्यामागे वैशाली. एक लांबलचक दाढीवाला परदेशी गाठोडं ओढत होता आणि आत्या त्याच्या हातावर चापट्या मारत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी, पण दोघं अगदी मनापासून बोलत होते.

"दिन्या, याला इचार, ह्याच्या गाठोड्यात काय हाय," आत्या बोलली. "सांगंल तर देते. उगा वढू नको म्हनावा."

मी इंग्रजीत समजूत घालायला पुढे झालो. शहापुरात माझ्या इंग्रजीला मान आहे. छातीवर हात ठेवून मी म्हटलं, "धिस इज माय आंटी. थर्टी इयर्स शी इज टेकिंग पीपल्स बॅग्ज. इन एव्हरी मॅरेज. नेव्हर पोलीस कम्प्लेंट."

दोन मुली भिंतीला चिकटल्या. मॅनेजरने खिशातून मोबाइल काढला आणि मला बजावलं की दहा मिनिटांत खोली सोडा, नाहीतर पोलीस बोलावतो.

गावात ओट्याओट्यांवर माणसं पथाऱ्या टाकून होती. इथून निघालो तर आत्याला घेऊन जायचं कुठे? अडुसष्ट वर्षांची बाई, शेत उरकून एवढ्या लांब आलेली, आणि बुडी उद्या पहाटेची. तिची एकुलती एक इच्छा माझ्या स्वस्ताईपायी हातची जात होती. मी हात जोडले. "आत्या, दे गं त्यांचं सामान. नाहीतर आंघोळ राहील तुझी."

आत्या हलली नाही. "राहिली तर राहिली. वलख पटल्याबिगर कसा देऊ? मघाशी एक आला व्हता, तोबी असाच बोट दाखवत व्हता. आत काय हाय इचारला, तर सांगता आला नाय. हाकलला."

"कोण आला होता?" वैशालीने विचारलं.

"मला काय ठावं गो. हिरवा फेटा, खांद्याला रिकामी झोळी. मंग बाजूच्या खोलीत शिरला."

वैशालीने हे मॅनेजरला स्वच्छ हिंदीत सांगितलं. (बायकोला इतकं चांगलं हिंदी येतं हे मला लग्नाच्या बारा वर्षांनी कळलं.) तो बाजूच्या खोलीत पळाला. तिथले दोन मोबाइल आणि एक कॅमेरा गायब! मॅनेजर आणि दाढीवाला तसेच जिना उतरून धावले. दाढीवाल्याचे पाय सारसासारखे लांब, त्याने गल्लीच्या टोकालाच माणूस गाठला. फेटा हिरवाच होता, झोळी मात्र आता भरलेली होती.

परत आल्यावर मॅनेजर आत्याच्या पायाच पडला. आत्याने त्याला उठवलं आणि आधी दाराला कडी लावून घे, असं सांगितलं. मग अकरा जण रांगेत उभे राहिले, आत काय आहे ते सांगत गेले, मी मराठीत आत्याला कळवत गेलो आणि एकेक गाठोडं सुटत गेलं. दाढीवाला म्हणाला, तीन मोजे. तीनच निघाले. तासाभरात सगळ्यांनी आपापल्या बॅगा भरून पुन्हा आत्यापुढे आणून ठेवल्या, बाजूची खोलीही आली, खालचा मजलाही आला. रात्री जेवताना आत्याच्या ताटात डाळबाटीवर तूप ओतायला मॅनेजर स्वतः उभा! आणि मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होतो की हे होस्टेल मीच शोधलं.

पहाटे अख्खं होस्टेल घाटावर निघालं. गर्दीत वाट काढायला मॅनेजर पुढे, मध्ये दोन मुलींचे हात धरून आत्या, मागे तिची कोरडी साडी छातीशी धरलेला दाढीवाला. नवरदेवाची आईसुद्धा इतक्या थाटात मांडवात जात नसेल. मी नवा टॉवेल खांद्यावर टाकून मागोमाग निघालो, तर आत्या दारातच थांबली.

"आनि जागेवर कोन बसंल? घरचाच मानूस लागतो."

मी वैशालीकडे बघितलं. वैशाली जिना उतरून गेलेली होती.

अशा रीतीने मी पुष्करला गेलो आणि चाळीसेक बॅगांवर बसून समोरची भिंत पाहिली. तासाभराने फोन वाजला. घाटावर फोटोला मनाई, म्हणून वैशालीने नुसताच फोन लावून आत्याच्या कानाला दिला होता. आधी घंटा ऐकू आल्या, मग आत्याचा थंडीने कापणारा आवाज.

"मारली रे बुडी. तीन मारल्या. एक तुझ्या नावाची."

माझे डोळे भरून आले. नव्या टॉवेलाने पुसले.

"दिन्या," आत्या बोलली, "उभा हायेस ना रे? बस आधी."

मी खरंच उभा होतो. मुकाट्याने बसलो.