बाबांच्या जबड्याचा व्यायाम

बैल जुंपताना बाबांना मार लागला. बैलानं मान झटकली आणि शिंग खालच्या जबड्यावर बसलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात वरचे-खालचे दात तारेनं बांधले, आणि तार निघेपर्यंत बाबा पेज, दूध असलंच काही नळीनं पीत राहिले. हाड जुळलं, पण तोंड पुरतं उघडेना. मऊ भात चावतानाही गाल भरून येत.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बाबांची बोटं त्यांच्याच गालांवर ठेवली आणि दात दाबायला सांगितले. उजवीकडचा स्नायू बोटांखाली टणक व्हायचा, डावा नुसता थरथरायचा. "तो काम विसरलाय, त्याला रोज काम द्या," बाई म्हणाल्या. हनुवटीखाली मूठ लावून तोंड उघडायचं, जबडा दोन्हीकडे सरकवायचा, आणि जोर आला की डाव्या दाढेनं च्युइंगम चावायचं.

उन्हाळ्यात बहिणीचं लग्न होतं. बाबांनी एकच ध्यास घेतला, व्याह्यांसोबत पंगतीत जेवायचं. "इवायाच्या बाजूले बसून पुरी खाईन," ते म्हणायचे. ओट्यावर बसून च्युइंगम चघळणाऱ्या बाबांना शेजारचा पोरगा चिडवायचा, "काय काकाजी, कॉलेजात नाव टाकलं का?"

"टाकलं ना. तुह्यासारखा नापास नाई होत मी."

मी तेव्हा सानगडीहून साकोलीला नोकरीवर जाऊन-येऊन होतो. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की बाबा गाल पुढे करायचे. "हात लावून पाह, डावाबी उठते आता." मी बूट काढता काढता "हो, बरं आहे" म्हणायचो. एकदाही हात लावला नाही.

व्याही पवनीचे, चांगले शिकलेले. लग्नाच्या पंगतीत बाबा त्यांच्याशेजारी बसले. गप्पा मारत, सावकाश चावत होते. जबडा जरा वाकडा चालत होता, ओठाच्या कोपऱ्यातून वरणाचा ओघळ आला होता. समोरच्या रांगेत कोणीतरी हसलं. कशाला हसलं, मला आजही ठाऊक नाही. मी वाढता वाढता वाकलो.

"बाबा, आत चला. तुमच्यासाठी खिचडी ठेवली आहे."

"मले चावता येते."

"लोकं पाहून राहिले, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात झटकला आणि उठले. भरल्या पानावरून, व्याह्यांच्या पंगतीतून. "त्यांना बरं वाटत नाही," मी व्याह्यांना म्हणालो. आत्ताच तर ते हसत बोलत होते. व्याह्यांना ते खोटं वाटलं असणारच.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी व्यायाम सोडला. मी एकदोनदा आठवण केली तर म्हणाले, "आता कोणत्या पंगतीत बसाचं हाय मले?" पुन्हा पेज, पुन्हा खिचडी. काम थांबलं तसा डावा गाल आत बसत गेला, आणि वारेपर्यंत त्यांनी भाकर तोडली नाही.

बहिणीला सासरी टोमणे बसत राहिले: बापाला आमचं घर पसंत नव्हतं, म्हणून तो पानावरून उठला. माहेरी आली तेव्हा तिनं बाबांना विचारलं. मी तिथंच बसलो होतो. "पोट दुखत होतं, माय," बाबा म्हणाले.

बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तिला खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"मी त्याईले काय काय बोलली, दादा. तुमच्यापायी मले ऐकावं लागते म्हणून. तरी त्याईनं तुहं नाव नाई घेतलं?"

"नाही."

"त्या रागात मी दिवाळीले आलीच नाई." तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. "बाबा वाट पाहून राहिले होते का?"

"होते," मी म्हणालो.