उभ्या बाटलीचा मुराळी

माझ्या गाडीच्या डिकीला संत्र्याचा वास येतो. खऱ्या संत्र्याशी त्याचा काही संबंध नाही. देशी दारूत घालतात त्या अर्काचा वास आहे तो. कितीही धुतली तरी जात नाही. बायको त्या डिकीत भाजीची पिशवी ठेवत नाही. बरोबर करते.

लातुरात ज्याला मार्क पडतात तो डॉक्टर होतो, आणि ज्याला पडत नाहीत तो मार्केटिंगमध्ये जातो. मला पडले नाहीत. वडिलांचं किराणा दुकान, गळ्यात इष्टलिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय कुणी चहा घेत नाही, अशा घरातला मी देशी दारूच्या कंपनीत चिकटलो. नांदेड आणि लातूर, दोन जिल्हे माझ्याकडे. कोणत्या दुकानात किती पेट्या उतरल्या, दुसऱ्या कंपनीचा माल पुढे का मांडलाय, हे बघायचं आणि दुकानदाराशी गोड बोलायचं. घरी सांगितलं, पाण्याची कंपनी आहे. दारूची जाहिरात करता येत नाही म्हणून कंपनी तेच नाव, तेच चित्र लावून पाणी विकते. माझ्या कार्डावरही पाणीच छापलं होतं. लाज झाकायची सोय कंपनीनंच करून दिली होती.

माझी थोरली बहीण, अक्का, कंधारकडच्या एका गावात दिलेली. दाजी पितात. आधी संध्याकाळी प्यायचे, मग सकाळीही सुरू झाले. अक्का मोबाईल पिठाच्या डब्यात लपवते, कारण आधीचा त्यांनी विकला. ते पितात तो माल आमचाच. त्या गावच्या दुकानात तो मीच लावला होता.

मग त्या गावातल्या बायांनी दुकान बंद करा म्हणून सह्या गोळा केल्या. अक्का दुपारी दारोदार फिरत होती, हे मला दुकानदाराकडूनच कळलं. अशा वेळी बायांचं मतदान घेतात. कागदावर दोन चित्रं: दुकान राहू दे तर उभी बाटली, बंद करा तर आडवी. पण आडव्या बाटलीला गावातल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही, तिचं मत फुकटात उभ्या बाटलीला.

नांदेडच्या हॉटेलात मटणावर ताव मारता मारता कंपनीच्या साहेबांनी हे आम्हाला समजावलं. "बायांना पटवत बसू नका. त्या दिवशी त्या गावात नकोत, एवढं बघा. तुमच्याकडच्या बाया जातात कुठं?"

मतदानाचा रविवार नागपंचमीच्या आदल्या दिवशी आला होता. साहेब बाहेरचे, त्यांना त्यातलं काय कळणार? मी सांगितलं. पंचमीला लेकी माहेरी जातात, माहेराहून भाऊ न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. आणि मुराळ्याला दारातून परत पाठवत नाहीत. साहेबांनी बोटं चाटली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. शर्टावर तेलकट डाग उठला. किळस यायला हवी होती. मला बढती दिसत होती.

अकरा जीपा ठरल्या. कुठल्या बाईचं माहेर कुठं, ही यादी दुकानदारानं केली. त्या त्या गावच्या भावांना निरोप गेला: बहिणीला आणायला गाडी फुकट, फक्त रविवारी सकाळीच निघायचं. कुणी विचारलं नाही, फुकट का. अक्काकडे मी स्वतः गेलो. सहा वर्षांत पंचमीला मी तिला नुसता फोन केला होता.

सात वाजता दारात गाडी बघून ती ओल्या हातानंच बाहेर आली. "मुराळी आला गं," असं शेजारणीला दोनदा सांगितलं. डोळे भरले तिचे. मग म्हणाली, "आठला शाळेत मतदान हाय. आडवीला मत टाकते अन् लगेच निघू."

"आई सकाळपासून दारात बसून राहिलीय. तिला बरं न्हाई," मी म्हणालो. आई ठणठणीत होती. "बाकीच्या बाया हायत की. तुझ्या एका मतानं काय व्हतंय?"

ती शाळेच्या बाजूला बघत राहिली. शेजारच्या दारांत बाया उभ्या होत्या, सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे. आलेल्या मुराळ्याला ताटकळत ठेवणं तिच्यानं झालं नाही. तिनं पिशवी भरली.

अहमदपूरच्या अलीकडे तिला तहान लागली. मी पाण्याची बाटली दिली. तिनं झाकणाला हात घातला आणि थांबली. ते नाव, ते चित्र तिच्या घरात खाटेखाली रोज पडलेलं असतं.

"ही तुझी कंपनी?"

"पाण्याची," मी म्हणालो.

तिनं बाटली न उघडता परत ठेवली. "ऱ्हाऊ दे. तहान न्हाई." लातुरात घरी पोचलो. आई दारात कुठे बसली होती? ती आत पुरण वाटत होती. अक्कानं तिला बघितलं, मग मला. पंचमीच्या झोक्यावर ती बसली नाही.

आडव्या बाटलीला नऊ मतं कमी पडली. दुकान राहिलं. मला बढती मिळाली, आणि दाजी झोकांड्या खात घरी जाऊन अक्काला म्हणाले, "तुझ्या भावानं दुकान वाचवलं. लई हुशार हाय पोरगा." हे तिनं मला सांगितलं नाही. दाजींनीच सांगितलं, कौतुकानं, तोंडाला तोच संत्र्याचा वास. त्या दिवशी मी डिकी साबण लावून दोनदा धुतली. नोकरी मात्र सोडली नाही. हप्ते होते, आणि मी माणूस म्हणून किती आहे ते आता वेगळं सांगायला नको.

पुढच्या पंचमीला मी पुन्हा गेलो. कंपनीची गाडी नेली नाही, एसटीनं गेलो. अक्का दारातच भाकरीचं पीठ चाळत होती. तिनं वर बघितलं, पदर सारखा केला, पण उठली नाही.

"औंदा कशाचं मतदान हाय?" तिनं विचारलं.

मी हातातली साडीची पिशवी उंबऱ्यावर ठेवली. ती पीठ चाळत राहिली.